रोही मारायची परवानगी मिळते, पण कुठल्या गोळीनं? तिवस्याच्या वावरातला मागे राहिलेला प्रश्न

तिवसा तालुक्यात हरभरा घाट्यावर आला की बरीच गडीमाणसं रात्री घरी झोपत नाहीत. वावरात माळा बांधायचा, हातात बॅटरी नाहीतर डबा घ्यायचा आणि पहाटेपर्यंत हाकारे द्यायचे. याला वऱ्हाडात जागल म्हणतात. एवढं करूनही सकाळी बघावं तर धुऱ्याकडच्या चार-सहा ओळी साफ झालेल्या असतात. रोही शेंडे खाऊन जातो, आणि खातो त्यापेक्षा जास्त तुडवून जातो. रानडुकरांचा कळप तर जमीन अक्षरशः उकरून ठेवतो. सोयाबीन, तूर, हरभरा, संत्र्याची नवी लावण, काहीच सुटत नाही.

मग दरवर्षी तीच चर्चा सुरू होते. सोशल मीडियावर एक बाजू म्हणते, गोळ्या घाला. दुसरी म्हणते, मुक्या जनावरानं काय बिघडवलंय. कमेंटमध्ये भांडणं होतात, हंगाम निघून जातो.

या सगळ्यात एक प्रश्न मागे पडतो. परवानगी मिळाली असं धरू, पण गोळी कुठली घालायची? किती वजनाची, कुठल्या बंदुकीतून, किती अंतरावरून? हा शिकाऱ्यांच्या हौसेचा विषय वाटेल. पण जनावर जागेवर मरणार की आतडी फाटून तीन दिवस तुरीत तडफडणार, आणि चुकलेली गोळी मातीत जाणार की पलीकडच्या संत्र्याच्या बगीच्यात झोपलेल्या राखणदाराकडे, हे यावरच ठरतं.

आधी कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. कलम ९ नं शिकारीवर बंदी आहे. कलम ११ मध्ये मात्र एक वाट ठेवलेली आहे. एखादं जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झालं असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारण देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभं पीक येतं, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. ही सोय सगळ्या प्राण्यांना नाही. वाघ, बिबट, काळवीट हे पहिल्या अनुसूचीत आहेत, तिथं पिकाचं कारण चालत नाही. रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत.

महाराष्ट्रानं २०१५ साली या दोन प्राण्यांबाबत परवानगीचे अधिकार वनक्षेत्रपालांपर्यंत खाली आणले. म्हणजे शेतकऱ्याला नागपूरला खेटे घालायची गरज उरली नाही. त्याच सुमारास बिहारनं दुसरा रस्ता धरला. तिथं केंद्रानं कलम ६२ खाली रोही आणि रानडुक्कर यांना काही जिल्ह्यांत उपद्रवी जाहीर केलं, आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले. तेव्हा केंद्रातल्याच मंत्री मेनका गांधी यांनी केंद्रातलेच पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यावर जाहीर टीका केली होती. त्यात आपल्या चंद्रपूरचंही नाव आलं. तिथं ५३ रानडुकरं मारली आणि आणखी ५० मारायची परवानगी दिली, असं त्या म्हणाल्या होत्या. जावडेकरांचं म्हणणं होतं की राज्यं मागतात म्हणून आम्ही देतो.

इथवर सगळी चर्चा किती मारले आणि कुणी मारू दिले यावर चालली. कशानं मारले, हे कुणी विचारलं नाही.

गंमत अशी की १९७२ चा मूळ कायदा हे विचारत होता. तेव्हा परवाना काढून शिकार करता यायची, आणि कलम १७ मध्ये शिकारीचे नियम होते. मोठं जनावर रायफलनंच मारायचं. छऱ्याची बंदूक वापरायची तर परवान्यात तशी खास नोंद हवी, आणि तीही एकच अखंड गोळा असलेल्या काडतुसानं. गाडीतून मारायचं नाही, हा नियमही त्याच कलमात होता. १९९१ च्या दुरुस्तीत परवाना-शिकार संपली, आणि तिच्याबरोबर हे कलमही वगळलं गेलं. शिकारच नाही तर शिकारीचे नियम कशाला, हा हिशेब तेव्हा बरोबर होता. पण कलम ११ ची वाट उघडीच राहिली. आज त्या वाटेनं रोही मारला जातो तेव्हा गोळीचं किमान वजन काय असावं, ती कुठल्या प्रकारची असावी, याबद्दल कायद्यात अक्षर नाही.

तोळ्याच्या हिशेबात गोळी

बंदुकीच्या गोळीचं वजन जगभर ग्रेनमध्ये मोजतात. एक पौंड म्हणजे ७,००० ग्रेन, एक ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन. हे आकडे डोक्यात बसत नाहीत. पण सराफाच्या दुकानात गेलेल्या माणसाला सोपं जाईल असं एक माप आहे. १८३३ साली कंपनी सरकारनं तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनचा. आणि .३०-०६ या जगातल्या सगळ्यात चालणाऱ्या शिकारी रायफलीची मोठ्या जनावरासाठीची नेहमीची गोळी १८० ग्रेनचीच असते. म्हणजे बरोबर एक तोळा. त्याच रायफलीची हरणासाठीची गोळी १५० ग्रेनची, म्हणजे दहा मासे.

आता आपल्याकडचं बघा. भारतात परवान्यावर मिळणारी जुनी ओळखीची रायफल म्हणजे .३१५. ती पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनते. तिची गोळी २४४ ग्रेनची, जवळपास एक तोळा चार मासे. हे काडतूस मूळचं एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रियन फौजेचं. आपल्याकडं आलं कारण इंग्रजांना आपल्या फौजेची .३०३ ची गोळी लोकांच्या हातात पडायला नको होती. .३०३ सामान्य माणसाला आजही बंद आहे. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरं दिसतात, ती कर्की फॅक्टरीची, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीची. १८६९ चा हा दारूगोळा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे.

आणि .२२? ती गोळी ४० ग्रेनची, तीन माशांपेक्षाही कमी. सशाच्या वर काही मारायला ती बनलेलीच नाही. पण आवाज कमी होतो म्हणून चोरून मारणाऱ्यांना ती आवडते.

नुसतं वजन पुरेसं नाही, हे खरं. गोळीचं काम दोन भागांत असतं. आधी तिनं कातडी, स्नायू, हाड पार करून छातीच्या पोकळीपर्यंत पोचायचं. मग तिथं पसरून हृदय-फुप्फुसात एवढी मोठी जखम करायची की रक्तदाब काही सेकंदांत कोसळावा. पहिल्या कामाला वजन लागतं. त्याच जाडीची गोळी जितकी जड, तितकी लांब, आणि तितकी खोल जाते. हलकी गोळी वेगानं सुटते, पण खांद्याच्या हाडावर आदळली की फुटून जाते. दुसऱ्या कामाला गोळीचं नाक मऊ लागतं. शिशाचं उघडं नाक मांसात शिरलं की छत्रीसारखं पसरतं. फौजेची गोळी पूर्ण तांब्या-पितळेच्या कवचात असते. ती सुईसारखी आरपार जाते, पुढं कुठं जाईल ते सांगता येत नाही, आणि जनावर जखम घेऊन पळतं. मऊ नाकाच्या गोळीचं एक जुनं नाव ‘दमदम’ आहे, कारण १८९० च्या दशकात ती कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनली. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं ती युद्धात वापरायला बंदी घातली. माणसासाठी जी क्रूर ठरली, तीच जनावरासाठी दयाळू. विचित्र आहे, पण तसंच आहे.

रोही हा हरीण नाही

नीलगाय हे नाव ऐकून गाय आठवते, रोही म्हटलं की हरीण आठवतं. प्रत्यक्षात पूर्ण वाढलेला नर २०० किलोच्या पुढं जातो. चितळाचा मोठा नर ८० किलोच्या आसपास असतो. म्हणजे अडीच पट जनावर, त्यात खांदा भरीव आणि हाड जाड. रानडुकराचं वेगळंच. मोठ्या सुळेवाल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखा घट्ट थर असतो. नरांच्या आपसातल्या झुंजीत सुळ्यांपासून वाचायला निसर्गानं दिलेली ढालच ती. चितळाला पाडणारी गोळी या दोघांना पाडेलच असं नाही.

हे आपल्यापेक्षा अमेरिकेतल्या टेक्सासवाल्यांना चांगलं माहीत आहे. १९३० च्या सुमारास तिथल्या किंग रँच नावाच्या अवाढव्य गुरांच्या कुरणात भारतीय वंशाचे रोही सोडले होते. आज दक्षिण टेक्सासात त्यांची संख्या हजारोंत आहे. तिथं पैसे मोजून रोह्याची शिकार होते, आणि गुरांच्या गोचिडतापाचा प्रसार थांबवायला सरकारी पातळीवरही ते मारले जातात. तिथल्या शिकाऱ्यांत हे जनावर चिवट म्हणून प्रसिद्ध आहे. गावठी हरणाला चालणारी हलकी गोळी रोह्याला नको, तोळाभर किंवा त्याहून जड, मजबूत बांधणीची गोळी घ्या, असा तिथला रिवाज आहे.

काही देशांनी तर हे कायद्यात लिहिलंय. स्वीडनमध्ये मूस नावाचं प्रचंड सांबर आणि रानडुक्कर एकाच वर्गात येतात. त्यांच्यासाठी गोळी किमान ९ ग्रॅमची हवी. ९ ते १० ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर तिच्यात २,७०० ज्यूल ऊर्जा उरली पाहिजे, १० ग्रॅमपेक्षा जड असेल तर २,००० ज्यूल चालते. जड गोळी कमी वेगातही खोल जाते, हे त्या नियमात धरलेलं आहे. स्कॉटलंडमध्ये लाल हरणासाठी किमान १०० ग्रेनची पसरणारी गोळी लागायची. २०२३ साली ती अट ८० ग्रेनवर आणली. का? शिसं जनावराच्या मांसात राहून विष होतं म्हणून तांब्याच्या गोळ्या वाढवायच्या होत्या, आणि तांबं शिशापेक्षा हलकं. किमान वजनासारख्या बारीक मुद्द्यावर तिथं सरकारी अधिसूचना निघते.

स्वीडनचा मापदंड आपल्याकडे लावून बघू. .३०-०६ ची एक तोळ्याची गोळी आरामात पास होते. आपली .३१५ पण पास होते. नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास, ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या जवळ, आणि १०० मीटरवर दोन हजारांच्या वर काहीतरी उरतंच. जुनी, संथ, पण जड. शंभर मीटरच्या आत रोही आणि डुक्कर दोघांनाही पुरेशी. त्याच्या पुढं मात्र तिचा भरवसा नाही, कारण ती झपाट्यानं खाली येते. शंभर मीटरला नेम बसवलेली .३१५ दोनशे मीटरवर जवळजवळ फूटभर खाली लागते. म्हणजे छातीवर धरलेला नेम पायावर किंवा मातीत. .३०-०६ ची हलकी गोळी तेवढ्याच अंतरात चार इंचांच्या आसपास उतरते.

पण वावरात असते ती बारा बोर

इथपर्यंत सगळी रायफलची गोष्ट झाली. तिवसा, मोर्शी, चांदूर रेल्वेच्या पट्ट्यात परवान्याची बंदूक असलेला शेतकरी शोधा, त्याच्याकडे रायफल क्वचितच निघेल. असलीच तर आजोबांच्या वेळची बारा बोर. यामागंही कायदा आहे. शस्त्र कायदा १९५९ चं कलम १३ सांगतं की संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, किंवा खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना द्यावा. नीट वाचा. पीकरक्षणासाठी कायद्यानं डोळ्यासमोर ठेवलेलं हत्यार म्हणजे वरून दारू आणि छर्रे ठासायची बंदूक. १९५९ सालीही ती जुनाटच होती. बार काढून कळप पळवायचा, एवढाच तिचा उपयोग धरलेला दिसतो. त्याच शेतकऱ्याला २०१५ नंतर आपण म्हणतो, घे परवानगी आणि दोनशे किलोचा रोही मार.

बारा बोर हे नाव कुठून आलं तेही सांगतो. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक ज्या नळीत बसतो ती बारा बोर. म्हणजे तो गोळा ३८ ग्रॅमचा, सव्वातीन तोळ्यांचा. पण बहुतेक वेळा या बंदुकीत गोळा नसतो, छर्रे असतात. त्यातले सगळ्यात मोठे म्हणजे एलजी. एलजीचा एक छर्रा चार-पाच ग्रॅमचा, आणि गोल. गोल वस्तू हवेत लवकर दमते. तीस मीटरच्या आत सगळे छर्रे एका जागी बसले तर रानडुक्कर पडतं. पन्नास-साठ मीटरवर ते पांगलेले असतात. एक पोटात, एक मांडीत, एक कानाला चाटून. रोही पळून जातो आणि पुढच्या गावच्या नाल्यात मरतो. जखमी सुळेवाला असेल तर तो मरायच्या आधी सकाळी वावरात आलेल्या एखाद्या बाईला फाडतो. दोष नेमाचा नसतोच, काडतुसाचा असतो.

त्याच बारा बोरमध्ये एकच अखंड गोळा घातला तर चित्र पालटतं. पाऊण-एक औंसाचा, म्हणजे दीड-दोन तोळ्यांच्या पुढचा गोळा चाळीस मीटरच्या आत कुठल्याही रोह्याला पुरतो. १९७२ च्या कायद्यानं छऱ्याच्या बंदुकीला हीच अट घातली होती. लिहिणाऱ्याला विषय कळत होता.

चुकलेली गोळी जाते कुठे?

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. जंगलात, डोंगरउतारावर मारलेली गोळी मागच्या टेकडीत जाते. तिवस्याचा परिसर वर्धा नदीच्या खोऱ्यातला, बराचसा सपाट. मध्यातून अमरावती-नागपूर महामार्ग जातो, रात्रभर ट्रक चालू असतात. मोझरी, कौंडण्यपूर इथं भाविकांची ये-जा असते. शिवाय ज्या रात्री एका वावरात जागल असते, त्या रात्री शेजारच्या दहा वावरांतही असते. .३०-०६ ची गोळी वरच्या कोनात सुटली तर तीन किलोमीटरच्या पुढं जाऊ शकते. छर्रे काही शे मीटरांत पडतात. म्हणजे जनावराच्या दृष्टीनं जी गोळी बरी, तीच गावाच्या दृष्टीनं जास्त धोक्याची. हा पेच नुसत्या गोळीच्या निवडीनं सुटत नाही.

तो सुटतो उंचीनं. माळा बारा-पंधरा फूट असला आणि जनावर पन्नास मीटरच्या आत असलं, तर गोळी खालच्या दिशेनं जाते आणि मागच्या जमिनीत रुतते. काळी माती मऊ, ती गोळी गिळते. जमिनीवर उभं राहून धुऱ्यापलीकडच्या रोह्यावर नेम धरला तर गोळी आडवी जाते, आणि तिला थांबवणारं पलीकडं काही नसतं.

रात्रीचा तर प्रश्नच वेगळा. बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकतात, ते कुणाचेही असू शकतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये चंद्रपूरकडून आलेल्या एका वाघानं शेजारच्या धामणगाव रेल्वे तालुक्यात मंगरूळ दस्तगीर आणि अंजनसिंगी भागात दोन माणसं मारली होती. तो पुढं मध्य प्रदेशातल्या बैतुल जिल्ह्यात सारणीला पकडला गेला. जिथं जंगल नाही असं आपण धरून चालतो, तिथल्या तुरी-पऱ्हाटीतून वाघ चालत गेला. अशा रात्री नुसती हालचाल दिसली म्हणून बार काढणं म्हणजे वाघाला, नाहीतर शेजाऱ्याला गोळी घालणं.

म्हणून मारू नकाच म्हणणाऱ्यांनी आणि मारून टाका म्हणणाऱ्यांनीही एक मागणी एकत्र करायला हरकत नसावी. वनक्षेत्रपाल परवानगी देतो त्याच कागदावर हत्यार आणि काडतूस लिहिलं जावं. रायफल असेल तर मऊ नाकाची, किमान ९ ग्रॅमची गोळी. बारा बोर असेल तर एकच गोळा आणि चाळीस मीटरची मर्यादा. नेम माळ्यावरूनच. जखमी जनावर पळालं तर लगेच वन विभागाला कळवणं बंधनकारक. यासाठी संसदेत कायदा बदलायची गरज नाही. परवानगी लेखी असते, अटी त्यात टाकता येतात.

दुसरा भाग, मारणार कोण. केरळनं मे २०२२ मध्ये पंचायतीच्या अध्यक्षांना रानडुक्कर मारण्याची परवानगी द्यायचे अधिकार दिले, पण मारायचं काम वन विभागाच्या यादीतल्या परवानाधारक नेमबाजांकडं ठेवलं. शेतकऱ्यानं स्वतः मारावं की यादीतल्या माणसाला बोलवावं, यावर मतं वेगळी असतील. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. आयुष्यात चार बार काढलेल्या माणसाकडून अंधारात नेमक्या जागी गोळीची अपेक्षा धरणं त्याच्यावरही अन्याय आहे. दिवसभर सोयाबीन काढून आलेला असतो तो.

आणि मेलेल्या जनावराचं मांस? कलम ३९ प्रमाणे कलम ११ खाली मारलेलं जनावर राज्य सरकारची मालमत्ता ठरतं. परवानगी मारायची असते, खायची नाही. रानडुकराचा वाटा गावात फिरला की परवानगी असूनही गुन्हा होतो, हे बऱ्याच जणांना गुन्हा दाखल झाल्यावर कळतं.

शेवटी एक अडचण, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितल्या जातात. २०२४ ची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली आणि मतदान २० नोव्हेंबरला होतं. म्हणजे सोयाबीनची काढणी, तुरीचा फुलोरा आणि हरभऱ्याची पेरणी, सगळं त्याच पाच-सहा आठवड्यांत. जिल्हा पातळीवरची छाननी समिती एखाद्याला यातून सूट देऊ शकते. पीकरक्षणाची लेखी परवानगी हातात असेल, तर त्या समितीकडे आधीच अर्ज करून ठेवता येतो.